भूमध्य समुद्राकाठची सहल: आधी मुलांची दुपार ठरवा, शहरं नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-बाबा, ९ वर्षांची मुलगी, ४ वर्षांचा मुलगा आणि ६६ वर्षांच्या आजी. मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत १४ दिवस हाताशी आहेत. कच्चा बेत बार्सिलोना, नीस, रोम, व्हेनिस, अथेन्स आणि सँटोरिनी असा आहे. हे जमेल का, त्यापेक्षा क्रूझ बरी का, आणि आजींना झेपेल का?

लहान मुलं असलेल्या कुटुंबांच्या या किनाऱ्यावरच्या सहली मी गेली सतरा वर्षं आखते आहे. त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगते: हा बेत असाच ठेवू नका. सहा मुक्काम म्हणजे पाच वेळा बिऱ्हाड हलवणं. एकदा हलण्याचा हिशेब मांडून बघा. हॉटेलची खोली साधारण अकराला सोडायची आणि नवी खोली दुपारी तीनच्या सुमारास मिळणार. मधल्या वेळात टॅक्सी, विमानतळ, सुरक्षा तपासणी, पुन्हा टॅक्सी. त्यात चार वर्षांचं मूल नेमकं एक वाजता, झोपेच्या आणि भुकेच्या वेळी, बॅगेवर बसून रडायला लागतं. असा दिवस संध्याकाळी सहाला संपतो आणि त्या दिवशी कोणी काहीच पाहिलेलं नसतं. तुमच्या चौदा दिवसांतले पाच दिवस असे जातील. येण्या-जाण्याचे दोन धरले तर उरतात सात दिवस आणि सहा शहरं.

माझी पद्धत उलटी आहे. मी आधी दुपार ठरवते. म्हणजे रोज साधारण बारा ते पाच या वेळात ही माणसं कुठे असतील? सावलीत, खोलीजवळ, पोटभर जेवून आडवी होता येतील अशी असली पाहिजेत. त्याचं उत्तर सापडलं की सकाळ आणि संध्याकाळ आपोआप जागेवर येतात. या किनाऱ्याची मोठी सोय ही, की इथली माणसंही शतकानुशतकं असंच जगत आली आहेत. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५.३० ही शांततेची वेळ चक्क नियमात घातलेली आहे. लहान गावांत त्या वेळी दुकानांची दारं ओढलेली असतात आणि गल्लीत फक्त मांजरं दिसतात. मग संध्याकाळी सातनंतर सगळं गाव बाहेर पडतं आणि रात्री अकरापर्यंत मुलं चौकात फुटबॉल खेळत असतात. तुमचा मुलगा दुपारी दोन तास झोपला असेल तरच त्याला हे बघायला मिळेल. नाही झोपला तर आठ वाजता तो तुमच्या खांद्यावर असेल आणि तुम्ही खोलीवर.

उन्हाचं म्हणाल तर जूनला कमी लेखू नका. २०२४च्या जूनमध्ये, १२ आणि १३ तारखेला, उष्णतेच्या लाटेमुळे अथेन्सचं अक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरचं प्राचीन देवळांचं आवार, दुपारी बारा ते पाच बंद ठेवावं लागलं होतं. ते नुसतं दगडाचं पठार आहे, वर सावली जवळजवळ नाही. पाण्याचं मात्र याच्या उलट असतं. समुद्र जमिनीपेक्षा सावकाश तापतो. मेच्या शेवटी हवा तिशीला टेकलेली असली तरी बार्सिलोनाजवळचं पाणी १८ अंशांच्या आसपास असतं. मोठी माणसं 'छान गार आहे' म्हणत उतरतात आणि चार वर्षांच्या मुलाचे ओठ दहा मिनिटांत निळे पडतात. दक्षिणेला आणि पूर्वेला पाणी लवकर कोमट होतं. क्रीटभोवती जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ते साधारण २१-२२ अंशांवर पोहोचतं. हेच कुटुंब सप्टेंबरमध्ये निघालं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं, कारण तेव्हा पाणी सगळीकडे चांगलं असतं. तुमच्या तारखांना समुद्रात खेळायचं असेल तर खाली ग्रीसकडे चला.

म्हणून माझा सल्ला आहे एकच देश, ग्रीस. अथेन्सला ३ रात्री, नाफ्प्लिओ या लहान गावात ३, एक रात्र बोटीत, क्रीट बेटावर खानियाला ५ आणि शेवटची १ पुन्हा अथेन्सला. तेरा रात्री झाल्या, चौदावा दिवस परतीचा. आता एकेक घेते.

अथेन्समध्ये पहिला दिवस काहीही ठरवू नका. पोहोचल्यावर सिंटाग्मा चौकात जाऊन संसदेसमोरचे पहारेकरी बघा. दर तासाला पहारा बदलतो. गोंडे लावलेले जड बूट, घडीघडीचा पांढरा घागरा आणि एक पाय हवेत तसाच धरून थांबणं, हे बघून मुलं पुढचे दोन दिवस हॉटेलच्या व्हरांड्यात तसंच चालतात. दुसऱ्या दिवशी अक्रोपोलिस, आणि तेही सकाळी आठचं, म्हणजे उघडतानाचं. तिकिटावर ठरावीक वेळ असते, तेव्हा ते आधीच ऑनलाइन काढा. मोठ्यांचं तिकीट २०२५पासून ३० युरो आहे. मुख्य दारापेक्षा दक्षिणेचं, डायोनिससच्या थिएटरजवळचं दार निवडा. तिथे रांग कमी असते आणि चढ थोडा सावकाश येतो. वरचा संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झालेला आहे, कोरडा असतानाही पाय सटकतो. आजींच्या आणि मुलांच्या पायांत रबरी तळव्याचे बूट असू द्या, चपला नकोत. बाबागाडी खालीच ठेवावी लागेल, त्यामुळे मुलगा दमला तर पाठीवर घ्यायची झोळी न्या.

साडेदहाला खाली उतरलात की समोरच अक्रोपोलिस म्युझियम आहे. गार, स्वच्छ आणि मुलांसाठी उत्तम. आत शिरताना पायाखाली काच आहे आणि काचेखाली खोदून काढलेलं जुनं गाव: घरांच्या भिंती, विहिरी, न्हाणीघरं. मी पाहिलेलं प्रत्येक मूल तिथे पोटावर पालथं पडून खाली बघतं. वरच्या मूर्ती नंतर. तिथेच लेगोच्या ठोकळ्यांचं अख्खं अक्रोपोलिस मांडलेलं आहे आणि नऊ वर्षांच्या मुलीला बहुधा तेच सगळ्यांत जास्त लक्षात राहील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बारा वाजता जेवण आणि खोली. संध्याकाळी प्लाका या जुन्या वस्तीच्या गल्ल्या. तिसऱ्या दिवशी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात फक्त एका वस्तूसाठी जा. अँटिकिथेराच्या समुद्रात १९०१ साली एका बुडालेल्या जहाजातून ब्राँझच्या दातेरी चाकांचं एक यंत्र वर काढलं. दोन हजार वर्षांपूर्वीचं, सूर्य-चंद्राच्या जागा आणि ग्रहणं दाखवणारं. मुलीला आदल्या रात्री त्याची गोष्ट सांगून ठेवा. संग्रहालयात एक तास पुरे. संपूर्ण बघायचा हट्ट मोठ्यांनीच सोडावा लागतो.

चौथ्या दिवशी गाडी भाड्याने घेऊन नाफ्प्लिओला निघा, सुमारे १४० किलोमीटर, दोन तास. बस आहे, पण तुम्ही पाच जण आहात आणि तिथे आजूबाजूला फिरायला गाडीच लागेल. आंतरराष्ट्रीय चालक परवाना निघण्यापूर्वी काढून ठेवा. दोन गोष्टी लोक विसरतात. तिथल्या भाड्याच्या बहुतेक गाड्या हाताच्या गिअरच्या असतात, ऑटोमॅटिक हवी असेल तर काही महिने आधी बुक करावी लागते. दुसरी म्हणजे मुलांच्या सीट. प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे. स्पेनमध्ये १३५ सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलांना खास सीट सक्तीची, इटलीत ही मर्यादा १५० सेंटिमीटर. मी तर देश कोणताही असो, मुलाची उंची आणि वजन लिहून कळवते आणि गाडी ताब्यात घेताना सीट हाताने हलवून बघते. विमानतळावरच्या टॅक्सीत सीट असेलच असं धरू नका, आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते.

वाटेत कोरिंथचा कालवा लागतो. सहा किलोमीटरच्या वर लांब, १८९३ साली खुला झालेला, दोन्ही बाजूंनी खडक उभा कापलेला. महामार्गाजवळच्या जुन्या पुलावरून सगळे खाली वाकून फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही समुद्राच्या टोकाला, इस्थमियाला जा. तिथला पूल बोट आली की वर उचलला जात नाही, पाण्यात बुडतो. फाटक लागतं, रस्ता हळूहळू खाली जाऊन दिसेनासा होतो, वरून बोट जाते आणि मग पाणी निथळत रस्ता पुन्हा वर येतो. कालवा दुरुस्तीसाठी बंद नाही ना, एवढं आधी बघा. शेजारी कॉफीची दुकानं आहेत. आजींना खुर्ची, तुम्हाला कॉफी, आणि मुलांना कितीही वेळ.

नाफ्प्लिओ मी इतकं का सुचवते? कारण ते गाव चालत फिरण्याएवढं लहान आहे आणि मुख्य चौकात गाड्या नाहीत. संगमरवरी फरशीच्या त्या चौकात संध्याकाळी मुलांना सोडून द्यायचं आणि आपण कडेला बसायचं. इथून एपिडाव्हरोसचं प्राचीन नाट्यगृह अर्ध्या तासावर आहे. मुलीला खाली मधोमध उभं करा, तुम्ही आजींसह मधल्या रांगेत बसा. तिने कागद फाडला तरी वर ऐकू येतं. तिला तिथे एखादी कविता म्हणू द्या. मायसिनी या प्राचीन नगराचं सिंहद्वार पण जवळच आहे, पण दोन्ही एकाच दिवशी करू नका. एका सकाळी एक. दुपारनंतर कराथोनाचा किनारा: उथळ, वाळूचा, मागे झाडांची सावली. पालामिदी किल्ल्याला ९९९ पायऱ्या असल्याची ख्याती आहे. आजींना आणि धाकट्याला घेऊन मागच्या रस्त्याने गाडीने वर जा. मुलीला पायऱ्या मोजायच्याच असतील तर बाबांबरोबर तिला खाली उतरू द्या.

मग अथेन्सचं पिरेअस बंदर आणि रात्रीची बोट. गाडी तिथेच परत करा. हा टप्पा मी मुद्दाम ठेवते. खानियाची बोट रात्री निघते आणि पहाटे पोहोचते. साधारण आठ-नऊ तासांचा प्रवास. बंदर फार पसरलेलं आहे आणि दारांना क्रमांक आहेत. कोणत्या दारातून जायचं ते तिकिटावर बघूनच टॅक्सीत बसा, कारण चुकीच्या दाराशी उतरून बॅगा ओढत वीस मिनिटं चालण्याची वेळ अनेकांवर येते. आसनं घेऊ नका, केबिन घ्या. चार जणांची केबिन म्हणजे दोन खालचे पलंग, दोन वरचे, वर चढायला शिडी, एक गोल नाहीतर चौकोनी खिडकी आणि न्हाणीघर इतकं लहान की दार उघडून आधी मुलाला आत ढकलावं लागतं. शिडीसाठी भांडण ठरलेलं. इंजिनाची घरघर सुरू झाली की दोघंही दहा मिनिटांत झोपतात. आजींना मुलीबरोबर दोघींची वेगळी केबिन द्या. त्यांची झोप फारच कच्ची असेल तर बोट सोडा आणि अथेन्सहून विमान घ्या, पाऊण-एक तासाचा प्रवास आहे. एक गोष्ट मात्र आधीच करा. पहाटे सहाला उतरल्यावर खोली मिळत नाही, म्हणून आदल्या रात्रीचेही पैसे भरून ठेवा. पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, पण पाच दमलेल्या माणसांना सकाळी सातला गादी मिळणं हा त्या दिवसाचा पाया असतो.

क्रीटबद्दल एकच कळकळीची विनंती, बेटाला प्रदक्षिणा घालू नका. ते २६० किलोमीटर लांब आहे आणि मधे डोंगर आहेत. पश्चिम टोक धरा, तिथेच राहा. खोली खानिया शहरात न घेता अगिया मारिनाच्या बाजूला, किनाऱ्यावर चालत जाता येईल अशी, स्वयंपाकाचा ओटा असलेली घ्या. पाच दिवसांतले दोन फिरण्याचे, तीन नुसते पाण्याचे. फिरण्याचा एक दिवस एलाफोनिसीला: गुलाबी छटेची वाळू आणि मुलाच्या गुडघ्याएवढं पाणी दूरपर्यंत. रस्ता दीड तासाचा आणि वळणावळणांचा आहे. गाडी लागत असेल तर औषध निघण्याआधी द्या, पहिल्या वळणानंतर देऊन उपयोग नसतो. नऊच्या आत पोहोचा आणि बारा वाजता निघा. तिथली वाळू खिशात भरून आणू नका. इटलीच्या सार्डिनियात तर वाळू-शिंपले नेल्याबद्दल ५०० ते ३००० युरो दंड आहे. मुलांना हे आधी सांगितलं की ती स्वतःच पहारेकरी होतात. दुसरा दिवस कुर्नास तळ्याचा. गोड्या पाण्याचं तळं, पायडल मारायच्या होड्या आणि काठाशी कासवं. उत्तर किनाऱ्यावर वाळूत बांबूचे किंवा लोखंडी पिंजरे रोवलेले दिसले तर ती समुद्री कासवांची घरटी असतात. जूनमध्ये माद्या अंडी घालायला येतात. तिथे वाळूचे किल्ले बांधू नयेत, आणि संध्याकाळी खुर्च्या तशाच सोडू नयेत.

समारिया घळ १६ किलोमीटरची आहे, या खेपेला नको. क्नोसोसचा प्राचीन राजवाडा आणि मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाची गोष्ट मुलीला हवीच असेल तर खानियाच्या दोन रात्री कमी करून हेराक्लिओनला द्या. खानियाहून एका दिवसात जाऊन यायचं म्हणजे पाच तास गाडीत.

शेवटची रात्र अथेन्सला ठेवण्यामागे माझी एक जुनी चूक आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एका कुटुंबाला नाक्सोसहून परतीच्या विमानाच्या दिवशी सकाळच्या बोटीने आणायचं ठरवलं होतं. कागदावर सहा तासांचं अंतर होतं. आदल्या रात्री उत्तरेचा वारा सुटला आणि सकाळी बोटी सोडायला मनाई झाली. सहा महिन्यांच्या बाळासह ते कुटुंब बंदराच्या धक्क्यावर बसलेलं आणि मी फोनवर. विमान गेलं. तेव्हापासून परतीच्या आदल्या रात्री माझं कोणतंही कुटुंब बेटावर झोपत नाही. एजियन समुद्रात हा मेल्तेमी वारा जुलै-ऑगस्टमध्ये जोरात असतो, जूनमध्ये कमी. पण नियम मी वर्षभर पाळते.

सँटोरिनी वगळलं म्हणून मुलीची आई हिरमुसेल, हे मला ठाऊक आहे. पण ते गाव कड्यावर आहे. सगळीकडे पायऱ्या, कठडे बुटके, किनाऱ्याची काळी वाळू दुपारी चटके देते, आणि कड्याच्या बाजूला मुलांना खेळायला उथळ पाणीच नाही. तुम्ही तिथे चार वर्षांच्या मुलाचा हात दोन दिवस घट्ट धरून ठेवाल आणि फोटोतही तेच दिसेल. बेट हवंच असेल तर क्रीटऐवजी नाक्सोस घ्या. तिथे गावाला लागूनच सेंट जॉर्जचा उथळ किनारा आहे.

रोम-व्हेनिस सोडवत नसेल तर ग्रीस पूर्ण सोडा आणि फक्त इटली करा: रोम ५ रात्री, सोरेंतो ५, उरलेल्या व्हेनिसला. समुद्र थोडा गार मिळेल आणि सोरेंतोला वाळूचा किनारा जवळजवळ नाही, हे मान्य करून निघा. तिथे फायदा हा, की सरकारी संग्रहालयं आणि प्राचीन स्थळं १८ वर्षांखालच्या मुलांना फुकट आहेत, मग ती कोणत्याही देशाची असोत. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं पोम्पेई मुलांना दाखवायचंच, पण चार वर्षांच्या मुलाला घेऊन शेजारचं हर्क्युलेनियम जास्त सोपं जातं. आकाराने लहान, घरांना वरचे मजले शिल्लक, जळून कोळसा झालेली लाकडी दारं जागच्या जागी. पोम्पेईला गेलातच तर रस्त्यावर मधोमध ठेवलेले उंच दगड दाखवा. पाणी आणि घाण वाहत असताना लोक त्यांवरून रस्ता ओलांडत आणि रथांची चाकं मधल्या फटींतून जात. चाकांच्या घळी दगडात अजून आहेत. मुलीने त्यांत बोट फिरवलं की इसवी सन ७९चा तो ज्वालामुखी सांगायला सोपं जातं. इटलीत गाडी घ्यायचीच झाली तर जुन्या गावांच्या मध्यभागी परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही, कॅमेरे टिपतात आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. रोम ते नेपल्स वेगवान रेल्वे सव्वा तासाच्या आत पोहोचवते, तीच घ्या.

क्रूझचा विचार मी नाकारत नाही. बिऱ्हाड हलवावं लागत नाही, आजींची खोली कायम एकच, जेवण वेळेवर. पण मुलांची दुपार तिथे बिघडते, कारण बोट बंदरात थांबते तीच मुळी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच-सहा. रोमचं बंदर म्हणून लिहिलेलं चिविताव्हेकिया रोमपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. जाण्या-येण्यात तीन तास आणि भर उन्हात शहर. क्रूझ घेतलीत तर निम्म्या बंदरांवर उतरू नका, रिकाम्या झालेल्या बोटीतला पोहण्याचा हौद त्या दिवशी तुमचाच असतो. आणि बोट तुर्कस्तान किंवा ट्युनिशियाला जाऊन परत युरोपात येत असेल तर अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) मागून घ्या. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तुर्कस्तानला उतरल्यावर तो संपतो. हे बुकिंग करताना फार जणांच्या लक्षात येत नाही.

व्हिसाचं तेवढंच महत्त्वाचं. जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. तुमचं सगळं ग्रीसमध्ये असल्याने प्रश्नच नाही. मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना शुल्क नाही. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रवासाचा विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आजींच्या विम्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का, ते कागदावर वाचा, फोनवरच्या आश्वासनावर राहू नका. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तुम्ही फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्या, एप्रिलमध्ये मिळत नाही. तोवर परत न मिळणारी बुकिंग करू नका.

जेवणाची काळजी ग्रीसमध्ये कमीच. तुम्ही मांसाहार करत नसाल तर एक शब्द पाठ करा: निस्तिसिमो, म्हणजे तिथल्या उपवासाचं. त्यात मांस, दूध, अंडं नसतं. मात्र त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि माकूळ चालतात, म्हणून तेही विचारा. भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या, टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल, पिवळ्या डाळीची घट्ट फावा, पालक भरून भाजलेली पापुद्र्यांची पेस्ट्री. मुलांना सकाळी तीळ लावलेली पावाची गोल कडी, कुलुरी, अथेन्समध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. रात्रीचं जेवण तिथली माणसं नऊला घेतात. तुम्ही सातला गेलात तर जागा मिळते, स्वयंपाकघर निवांत असतं आणि मुलाला आत बोलावून काय शिजतंय तेही दाखवतात.

औषधांच्या पिशवीत ताप, जुलाब, गाडी लागणं यांची औषधं, मीठ-साखरेची पाकिटं आणि चिमटा ठेवा. चिमटा समुद्री साळूच्या काट्यांसाठी. खडकाळ किनाऱ्यावर त्या असतातच, म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट सगळ्यांना घ्या, आजींनाही. जेलीफिश लागला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने आग वाढते. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊलही टाकायचं नाही. मोठी अडचण आली तर ११२ला फोन करा.

आता आजी. झेपेल, आणि या बेतात त्यांच्या वाट्याला बरंच काही येईल, पण दोन गोष्टी आधी मागून घ्या. सगळीकडे खोली तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत, कारण नाफ्प्लिओच्या जुन्या घरांचे जिने अरुंद आणि उभे आहेत. आणि दोन खोल्यांमध्ये आतलं दार असलेली जागा, म्हणजे दुपारी मुलगा आजींजवळ झोपेल, दार लोटलेलं राहील आणि तुम्हा दोघांना बाहेरच्या अंगणात तासभर बसता येईल. अक्रोपोलिसवर त्यांना चढायचं नसेल तर त्या म्युझियमच्या वरच्या मजल्यावरच्या काचेजवळ बसून टेकडीवरचं मुख्य देऊळ, अख्खं पार्थेनॉन, बघू शकतात. तिथे बाकं आहेत, गारवा आहे, आणि तुम्ही वरून हात हलवलात तर कदाचित त्यांना दिसेलही.